निळसेबाईंचा डेन्मार्क

आत्या,

तुझ्या पुण्यानुमोदनाची पत्रिका छापून आली, तिच्यावर आडनाव होतं 'निळे'. छापखान्यातल्या माणसाला वाटलं की लिहून देताना आमचीच चूक झाली, म्हणून त्यानं आपल्या मनानं ती दुरुस्त केली. निळसे असं आडनाव असतं का, असं त्यानं मला तोंडावर विचारलं. तू असतीस तर त्याला समोर बसवून अर्धा तास शिकवलं असतंस, आणि तोही शेवटी चहा मागवून ऐकत बसला असता. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. मी म्हणालो, असतं, आमचं आहे. आणि तिथंच उभं राहून दुसऱ्या पत्रिका छापून घेतल्या.

या आठवड्यात घरी येणारा प्रत्येक जण तुझ्याबद्दल सांगतो आहे. कोपरगावच्या शाळेतल्या तुझ्या मुली आल्या होत्या. मुली म्हणायचं, पण त्यातल्या दोघी आता आज्या झाल्यात. निळसेबाईंचा भूगोल कसा होता, फळ्यावर न बघता नकाशा कसा काढायच्या, हे त्या सांगत होत्या. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला त्या आहेत. मला तुझ्याशी बोलायचं आहे ते शेवटच्या सात वर्षांबद्दल. तू या आडनावामागं लागलीस, सगळ्या घराला त्यात ओढलंस, आणि माझ्याशी एकदा जोरात भांडलीस, त्या वर्षांबद्दल. खरं तर तू भांडली नाहीस. भांडलो मी. तू ऐकून घेतलंस.

सुरुवात झाली ती एका दुपारी तुझ्या फोननं. मी वीज कार्यालयात बिलांच्या तक्रारी ऐकत बसलो होतो. तू कधी कामाच्या वेळी फोन करत नसायचीस, म्हणून मी घाबरून उचलला. तू नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणालीस, "मिलिंद, आजोबा ताक मागत नव्हते रे."

मला कळेना कोणते आजोबा आणि कसलं ताक. मग तू सांगितलंस. तुझे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा भागाबाबा, मी काही त्यांना पाहिलं नाही. तू दहा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या शेजारी जेवायला बसलीस. त्यांच्यापुढं कुणी ताट ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला, की ते मान हलवून म्हणायचे, "ताक." मग तुझी आजी उठायची आणि ताक घेऊन यायची. घरात दुभतं नसेल तर शेजारणीकडून मागून आणायची. भागाबाबा ते मुकाट पिऊन टाकायचे. त्यांना ताकाचं वेड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या माघारीही वर्षश्राद्धासारखं काही आपल्यात नसलं तरी त्यांच्या आठवणीच्या दिवशी आजी ताकच करायची.

त्या दुपारी बेलापूरला घरात एकटी बसून तू मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी गोठ्याचा व्हिडिओ बघत होतीस. गाई बघायला तुला आवडायच्या. शेवटी त्या गोठ्याच्या मालकाला कुणी कॉफीचा कप दिला आणि तो म्हणाला, "तक." खाली लिहून आलं, धन्यवाद. देश डेन्मार्क. तू तो तुकडा मागं घेऊन पुन्हा पुन्हा ऐकलास. तुझं म्हणणं होतं की तो आवाज तंतोतंत आजोबांचा होता. मान हलवण्याची तऱ्हासुद्धा.

दुसऱ्या दिवशी तू वही काढलीस. शाळेत हजेरीला वापरायचीस तसली लांबट वही. पहिल्या पानावर लिहिलंस, 'निळसे', आणि खाली प्रश्नचिन्ह. महाराष्ट्रात आपल्या घराशिवाय या आडनावाचं कुणी आपल्याला कधी भेटलं नव्हतं. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, म्हणजे तुझ्या दादांचा, यावर ठरलेला खुलासा होता. आपला झेंडा निळा, आपण निळसे, अजून काय पाहिजे. तू त्यांना शिक्षिकेच्या आवाजात सांगितलंस की झेंडा नंतर आला आणि आडनाव त्याआधीचं आहे. मग नीळ विकत असतील कुणी, असं अण्णा म्हणाले आणि उठून गेले. तू मात्र डेन्मार्कातल्या आडनावांची यादी शोधलीस. नीलसन हे तिथं गल्लोगल्ली सापडणारं आडनाव निघालं. तू ते वहीत लिहिलंस, शेजारी निळसे लिहिलंस, आणि दोन्हीच्या मध्ये एक रेघ ओढलीस. रेघेवर काही लिहिलं नाहीस, पण मनात काय होतं ते मला माहीत होतं. आपल्या घराण्यात कुठंतरी एक गोरा माणूस आहे, असं तुला वाटत होतं.

मग तू तहसील कचेरीच्या जुन्या कागदांच्या खोलीत जायला लागलीस. ते दिवस तिथं गर्दीचे होते. जो तो आपल्या जातीची जुनी नोंद शोधत होता, कुणाच्या आजोबांच्या जन्माची, कुणाच्या पणज्याच्या मृत्यूची. त्या रांगेत तूही उभी राहिलीस. कारकुनानं विचारलं, बाई, कुठल्या जातीची नोंद पाहिजे. तू म्हणालीस, "जात मला माहीत आहे. मला आडनाव पाहिजे." हे मला त्या कारकुनानंच नंतर सांगितलं. तो आमच्या कार्यालयात मीटरच्या कामाला आला होता आणि आडनाव ऐकून म्हणाला, त्या बाई तुमच्या का.

कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली, मोडी तुला येत नव्हती. मोडी वाचणारे एक म्हातारे गृहस्थ तिथं बसायचे. त्यांच्यासाठी तू डब्यात शेंगदाण्याची पोळी घेऊन जायचीस. त्यांनी तुला शेवगावकडच्या एका लहान गावाच्या बुकात भागाबाबांचा जन्म काढून दिला. राणू महार यास मुलगा, बस. आडनावाची जागाच नव्हती. म्हणजे भागाबाबा जन्मले तेव्हा निळसे नव्हते. तू त्या दिवशी एसटीनं परत येताना मला फोन केलास आणि म्हणालीस की गोरा माणूस असलाच तर तो राणूच्या मागं नाही, भागाच्या पुढं आहे. तुझा आवाज जरा पडला होता. पण शोध सोडायचा विचार तुझ्या मनाला शिवला नव्हता.

आता त्या भांडणाकडं येतो. ते टाळून हे लिहिण्यात अर्थ नाही.

माझी प्रज्ञा बारावी झाली. तिला चांगले मार्क पडले, आणि प्रवेशासाठी जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. एकोणीसशे पन्नासच्या आधीचा पुरावा आणा, म्हणाले. मी अण्णांचा दाखला जोडला, माझा जोडला, पण त्याआधीची होती ती तुझी कोतवाल बुकातली नोंद, आणि तिच्यात ना आडनाव ना भागाचं नाव, म्हणून ती चालेना. अशात नात्यातल्या कुणीतरी अण्णांना सांगितलं की कमल आत्या सगळीकडं सांगत फिरतात, आम्ही मूळचे डेन्मार्कचे. अण्णा हादरले. चौकशीला माणूस येतो, तो शेजारीपाजारी विचारतो, आणि त्याच्या कानावर हे गेलं तर पोरीची फाईल तिथंच बंद होईल, असं त्यांच्या डोक्यात बसलं. ते मला म्हणाले, जाऊन तिला गप्प कर.

मी रविवारी सकाळी बेलापूरला आलो. तू स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होतीस, शेपू निवडत. मी शांतपणे बोलायचं ठरवून आलो होतो. पण तू आधीच मला वही दाखवायला लागलीस, आणि माझा तोल गेला. मी म्हणालो की आपल्या माणसांनी इतकी वर्षं मान वर करायला काय काय सोसलं, आणि तुला आता साहेबाचं रक्त पाहिजे. मग म्हणालो, "तुला आडनाव शोधायचं नाहीये आत्या. तुला जात पुसायची आहे."

तू शेपूच्या काड्या गोळा केल्यास, हात धुतलेस, आणि मला चहा केलास. मी तो प्यायलो. आजवर मी प्यायलेला तो सगळ्यांत वाईट चहा, आणि त्यात तुझा काही दोष नव्हता.

त्यानंतर बारा दिवस तुझा फोन आला नाही. तेराव्या दिवशी आला तो एवढंच सांगायला की प्रज्ञाला घेऊन ये, एका शाळेत जायचं आहे. जुन्या साखर कारखान्याच्या वसाहतीजवळची जिल्हा परिषदेची शाळा. तुझे वडील किसन, माझे आजोबा, पहिलीला तिथं असणार असा तुझा हिशोब होता. आधी दोन शाळांमध्ये तू एकटीनं जाऊन आली होतीस आणि तिथं काही मिळालं नव्हतं.

मुख्याध्यापिका तरुण होत्या. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि वाळवीनं कडा खाल्लेली दाखल रजिस्टरं टेबलावर ठेवली. तू त्यांना हात लावू दिला नाहीस, पानं स्वतः उलटलीस, एकेक, तळहातावर घेऊन. प्रज्ञा शेजारी उभी होती. मी दारात. अर्ध्या तासानं तू थांबलीस आणि मला बोटानं बोलावलंस.

काळ्या शाईत नाव होतं, किसन भागा. त्यापुढं आधी लिहिलं होतं 'निल्सन'. त्यावर एक आडवी रेघ मारून वर त्याच हातानं लिहिलं होतं 'निळसे'. पुढच्या रकान्यात जात, महार. पालकाच्या सहीच्या जागी अंगठा. मास्तरांना ते परकं नाव पटलं नसावं, म्हणून त्यांनी त्याला मराठी करून टाकलं. म्हणजे सांगणाऱ्यानं निल्सनच सांगितलं होतं, आणि सांगणारे भागाबाबा होते.

तू माझ्याकडं बघितलंस. माझ्या रविवारच्या बोलण्याचं उत्तर तू बारा दिवस ठेवून दिलं होतंस, की ते तुला त्या क्षणीच सुचलं, हे मला कधीच कळलं नाही. तू म्हणालीस, "नीट बघ. खोडलंय ते आडनाव. जात नाही खोडलेली."

मी तिथं माफी मागायला हवी होती. मुख्याध्यापिका होत्या, प्रज्ञा होती, म्हणून मी मान डोलावली आणि झेरॉक्सची चौकशी करायला बाहेर गेलो. आत्या, ती माफी राहिली ती राहिलीच. पुढं कितीदा तरी तोंडाशी आली. तू दर वेळी दुसरं काहीतरी काढायचीस आणि मी सुटलो असं मला वाटायचं. आता वाटतं, मला सोडवण्यासाठीच तू विषय बदलत होतीस.

रजिस्टर सापडलं तरी भागाबाबांनी निल्सन हे नाव आणलं कुठून, हा प्रश्न उरलाच होता. त्याचं उत्तर तुला तुझ्या वडिलांच्या एका जुन्या गोष्टीत मिळालं. ती तू लहानपणी ऐकली होतीस, पण तेव्हा तुला ती कळली नव्हती. कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. भागाबाबा तिथं कामाला लागले. चिमणीच्या परांचीवर चढायला माणसं घाबरायची आणि भागाबाबा चढायचे, म्हणून साहेब त्यांनाच वर न्यायचा. कामावर पाण्याची भांडी वेगळी होती. एका दुपारी वर परांचीवर साहेबाला तहान लागली. भागाबाबांजवळ त्यांचा स्वतःचा पाण्याचा भोपळा होता. साहेबानं हात पुढं केला. भागाबाबांनी आधी दिला नाही. साहेबानं तो घेतला, प्यायला, परत दिला आणि काहीतरी म्हणाला. खालच्या लोकांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुकादमानं साहेबाला समजावलं की काल काय घोटाळा झाला. साहेबानं ऐकून घेतलं, आणि दुपारी सगळ्यांसमोर, खाली जमिनीवर, भागाबाबांना हाक मारून पुन्हा त्यांच्याच भोपळ्यातलं पाणी मागितलं.

तुझे वडील ही गोष्ट सांगताना इथंच थांबायचे. साहेब पाणी पिऊन काय म्हणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. तुला आता माहीत होतं. पुढं कामावर दोन भागा झाले, तेव्हा हजेरी घेणारा एकाला निल्सनचा भागा म्हणायला लागला. बाकी सगळं त्यातूनच आलं असणार.

यावरही आपण वाद घातला. मी म्हणालो की साहेबाचं नाव लावणं म्हणजे त्याचा माणूस होणं, त्यात मोठेपणा कसला. तू म्हणालीस की भागाबाबांनी आयुष्यात किती साहेब पाहिले असतील, त्यातल्या एकाचंच नाव त्यांनी उचललं, ते का, याचा विचार कर. मी म्हणालो, नाव स्वतःचं पाहिजे. तू म्हणालीस, ते घेतलं की स्वतःचं होतं. हा वाद आपला संपला नाही. मी अजूनही माझ्या बाजूनं उभा आहे, जरी ती बाजू रोज थोडी थोडी खचते आहे.

डेन्मार्कला तू रजिस्टर सापडायच्या कितीतरी आधीच पत्रं धाडली होतीस. इंग्रजी तुझं शाळेतलं, पण चुकीचं एकही वाक्य नाही. तू वहीत लिहायचीस, प्रज्ञा मोबाईलवर टाईप करायची. तिथल्या जुने कागद जपणाऱ्या संग्रहालयांना तू विचारायचीस की तुमच्याकडचा नीलसन नावाचा कुणी कामासाठी हिंदुस्थानात आला होता का. प्रज्ञा सांगायची, आत्याआजी, तिथं नीलसन म्हणजे आपल्याकडचे पाटील. तू म्हणायचीस, मग पाटलांनाच विचारू. दीड वर्षानं एका बाईचं उत्तर आलं. नाव इंगर. तीही निवृत्त, तुझ्याच वयाची. तिचे आजोबा आले होते. तिनं त्यांच्या खिशातल्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. कामावरच्या माणसांची यादी होती, आणि त्यात 'Baga' या नावाखाली रेघ ओढून शेजारी काही लिहिलं होतं. त्याचा अर्थ इंगरनं कळवला, सांगावं लागत नाही, ह्याला दिसतं.

त्याच पत्रात तिनं हेही लिहिलं होतं की तिचे आजोबा इथं आले ते लग्न झाल्यावर, थोडी वर्षं राहिले, आणि चिमणी उभी राहिल्यावर परत गेले. तेव्हा भागाबाबा मोठे बाप्ये होते आणि किसन आजोबाही जन्मलेले होते. म्हणजे रक्ताचं काही नातं नव्हतं. मला वाटलं तुला वाईट वाटेल. तू दोन दिवस वही उघडली नाहीस हे खरं. तिसऱ्या दिवशी तू पहिल्या पानावरच्या त्या मोकळ्या रेघेवर लिहिलंस, 'पाणी'. ती वही आता प्रज्ञाकडं आहे.

आणि मग तो चौकशीचा दिवस. जात पडताळणीच्या दक्षता पथकाचे अधिकारी श्रीरामपूरला आमच्या घरी आले. माणूस सभ्य होता, पण कामाला पक्का. रजिस्टरच्या नकलेवर बोट ठेवून ते म्हणाले की याच नोंदीत खाडाखोड आहे. अण्णा खुर्चीत बसले होते. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू पुढं सरकलीस. तू त्यांना सगळं सांगितलंस, राणूपासून, क्रमानं, तारखा माहीत नव्हत्या तिथं माहीत नाही असं सांगून. कोतवाल बुकाची नक्कल दिलीस. इंगरच्या पत्राची छापील प्रत दिलीस आणि खाली तुझ्या अक्षरात केलेलं मराठी भाषांतर. डेन्मार्क हा शब्द निघाला तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले.

अधिकारी बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं की म्हणजे तुम्ही मूळचे कोण. तू म्हणालीस, "मूळचे महार. आता बौद्ध. आडनाव डॅनिश. तिन्ही लिहा."

त्यांनी तिन्ही लिहिली. तू जबाब वाचून पाहिलास, त्यातली एक वेलांटी दुरुस्त करून घेतलीस, आणि मग सही केलीस. प्रमाणपत्र महिन्याभरानं आलं. प्रज्ञा आज इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिला कुणी आडनाव विचारलं की ती मान ताठ ठेवून सांगते. हे तुझं काम आहे. जिच्या बडबडीनं फाईल बंद पडेल म्हणून आम्ही धास्तावलो होतो, तिच्याच कागदांवर ती फाईल उभी राहिली.

अण्णा मात्र तुला एवढंच म्हणाले की बरं झालं. त्यांचं डेन्मार्कशी जमलं नाही ते नाहीच. पाहुण्यांत विषय निघाला की ते उठून गोठ्याकडं जायचे, जिथं आता गोठा नाही, नुसती माझी मोटारसायकल असते.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी एका दुपारी तुझ्याजवळ एकटा होतो. मी म्हणालो, आत्या, त्या रविवारी मी जे बोललो. तू हात वर केलास. मला वाटलं, सलाईनची नळी ओढली गेली. पण तू विचारलंस, इंगरचं उत्तर आलं का. तिला तू एक शेवटचा प्रश्न पाठवला होतास आणि दोन महिने झाले तरी ती गप्प होती. प्रश्न असा होता, की आम्ही तुमच्या आजोबांचं नाव पाच पिढ्या लावतो आहोत, तर त्यांनी घरी कधी आमच्या आजोबांचं नाव काढलं का. मी सांगितलं, नाही आलं अजून. तू म्हणालीस, नसेल काढलं. मोठी माणसं विसरतात. ते तू इतक्या सहज म्हणालीस की मला राग आला, कुणाचा ते माहीत नाही. आणि तीन दिवसांनी तू गेलीस.

इंगरचं उत्तर आज सकाळी आलं. पुण्यानुमोदन उद्या आहे. अंगणात मांडव घालणारे दोर बांधत होते आणि अण्णा त्यांच्यावर लक्ष ठेवून खुर्चीत बसले होते. प्रज्ञा मोबाईल घेऊन धावत बाहेर आली. तिनं मला दाखवायच्या आधी अण्णांनी विचारलं, काय हाय. ती कचरली. मग म्हणाली, डेन्मार्कचं पत्र आहे. मला वाटलं, अण्णा उठतील. ते उठले नाहीत. म्हणाले, वाच.

ती एकेक ओळ मराठीत करून सांगत गेली. इंगरनं आधी उशिराबद्दल माफी मागितली होती. तिला एक गोष्ट स्वतः जाऊन बघायची होती आणि थंडी सरेपर्यंत तिकडं जाता येत नव्हतं. तिचे आजोबा हिंदुस्थानाबद्दल घरी कधी बोलले नाहीत. पण परत गेल्यावर त्यांनी समुद्राकाठी स्वतःच्या हातानं एक लाकडी घर बांधलं. उन्हाळ्यात ते सगळे अजून तिथं जातात. त्या घराच्या दारावर आजोबांनी एक पाटी कोरून लावली होती, 'BAGA'. त्याचा अर्थ काय, असं मुलं विचारायची तेव्हा ते नुसते हसायचे. ते गेल्यावर कुणी जाणकारानं सांगितलं की हिंदुस्थानात या शब्दाचा अर्थ वाघ. म्हणून घरच्यांनी पाटीशेजारी एक वाघ रंगवला. प्रत्येक पिढी तो नव्यानं रंगवते. मागच्या उन्हाळ्यात तिच्या नातवानं रंगवला. तुझं शेवटचं पत्र वाचल्यावर ती दाराशी जाऊन उभी राहिली, पाटीवरची अक्षरं तिनं वहीतल्या अक्षरांशी ताडून पाहिली, आणि आता ती विचारत होती की तिच्या घराचं नाव नक्की काय आहे.

सोबत फोटो होता. निळ्या-करड्या पाण्याजवळ ठेंगणं काळं घर, दारावर जुनी पाटी, आणि शेजारी पिवळा, जरा मांजरासारखा दिसणारा वाघ.

मांडववाले थांबून बघत होते. अण्णांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला, आणि प्रज्ञाला म्हणाले, परत वाच. तिनं सगळं पहिल्यापासून वाचलं. या वेळी ते मान खाली घालून ऐकत होते. तुझ्या दादांना मी त्यांच्या आईच्या वेळी रडताना पाहिलं नव्हतं, आत्या. तुझ्या वेळीही नाही. आज त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, घसा खाकरला, आणि म्हणाले, "लिही तिला. म्हनावं, वाघ न्हाई. मानूस हुता."

प्रज्ञानं तिथंच पायरीवर बसून ते इंग्रजीत लिहिलं, अण्णांना वाचून दाखवलं, आणि पाठवून दिलं.